आधी नळी कापतात, मग भाव सांगतात : सिडकोतल्या एका 'गॅस चेकिंग'चं प्रकरण

दारावर येऊन घरगुती सर्व्हिस गळ्यात मारणारे काही नवीन नाहीत, पाण्याचं मशीन, सोफा क्लिनिंग, पेस्ट कंट्रोल, चिमणी सर्व्हिस, सगळे येतात. पण गॅस चेकिंगवाल्यांचं वेगळं आहे. बाकीच्यांना नको म्हटलं तर फार तर ते दहा मिनिटं चिकटून बसतात आणि जातात, गॅसवाल्याला नको म्हणताना मात्र घरातली बाई मनातून घाबरलेली असते, की आपण नको म्हटलं आणि उद्या खरंच काही झालं तर? सगळा धंदा ह्याच प्रश्नावर चालतो.

हे प्रकरण आमच्या गल्लीतलं, नाशिकच्या सिडकोतलं. शेजारच्या काकूंच्या परवानगीने लिहितेय, नावं कोणाचीच टाकत नाही. पूर्ण लिहायचं कारण असं की अशा गोष्टी आपल्याकडे "फसवलं हो तिला" एवढ्या एका वाक्यात संपतात, आणि मग पुढच्या गल्लीतली बाई तशीच सापडते, कारण नक्की कुठल्या क्षणी काय झालं ते तिला कोणी सांगितलेलंच नसतं. सगळे विचारतात पैसे का दिले. मला विचाराल तर नळी कधी कापली ते विचारायला पाहिजे. नळी कापेपर्यंत काकूंच्या हातात सगळं होतं, कापल्यावर जवळपास काहीच राहिलं नाही.

गल्लीत काय झालं

वेळ सकाळी अकराच्या पुढची. ही वेळ ते मुद्दाम निवडतात असं मला वाटतं, कारण आमच्याकडे बरेचसे पुरुष अंबड-सातपूरच्या कंपन्यांमध्ये पहिल्या नाहीतर जनरल शिफ्टला गेलेले असतात, पोरं शाळेत, घरात बायका आणि म्हातारी माणसं. कोपऱ्यावर एक छोटा टेम्पो उभा केलेला, त्याला 'गॅस सुरक्षा अभियान' असा बॅनर, खाली शेगडीचं चित्र आणि आगीचा फोटो. बॅनरवर कुठल्याही गॅस कंपनीचं नाव नव्हतं पण रंग मात्र असे निवडलेले की लांबून बघणाऱ्याला कंपनीचंच वाटावं. दोन मुलं आणि एक बाई, तिघांच्या गळ्यात ओळखपत्र, बाईच्या हातात जाड रजिस्टर.

ते आधी कोणाच्याच घरात शिरले नाहीत, हे लक्षात घ्या. गल्लीत उभं राहून हाका मारल्या, "गॅसचं पुस्तक घेऊन या, एन्ट्री करायचीय, केवायसी बाकी आहे त्यांचं कनेक्शन बंद होईल." झालं, बायका पुस्तकं घेऊन बाहेर आल्या. रजिस्टरमध्ये नाव, कन्झ्युमर नंबर, मोबाईल नंबर लिहून घेतला. एकदा सरकारी वाटणारी नोंद झाली की माणूस आपोआप रांगेत उभा राहतो आणि पुढचं "आता आत येऊन चेक करतो" हे त्या नोंदीचाच भाग वाटायला लागतं. शेजारणी पण उभ्या होत्या, त्यांच्यासमोर "मला नाही करायचं" म्हणणं म्हणजे आपण काहीतरी लपवतोय असं वाटतं.

केवायसीचं इथेच सांगून टाकते. गॅसची ई-केवायसी फुकट असते. एजन्सीत जाऊन करा, सिलेंडर आणणाऱ्या माणसाकडून त्याच्या मोबाईलवर करा किंवा स्वतः कंपनीच्या ॲपवर करा. जुलै २०२४ मध्ये ह्यावरून बराच गोंधळ झाला होता तेव्हा पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनीच जाहीर खुलासा केला होता, की हे काम तेल कंपन्या बोगस ग्राहक काढण्यासाठी करतायत आणि तेव्हा त्याला कुठली डेडलाईन लावलेली नव्हती. तुमचं आधार कार्ड आणि गॅसचं पुस्तक रस्त्यात उभ्या माणसाच्या रजिस्टरमध्ये उतरवून कसलीच केवायसी होत नाही.

काकूंच्या स्वयंपाकघरात

काकू साठीच्या पुढच्या. काका ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानाच्या कारखान्यातून, रिटायर झालेले, त्यांना शुगर आहे, इन्सुलिन घेतात, त्यामुळे जेवणाची वेळ ठरलेली, एकच्या आत ताट लागतं म्हणजे लागतं. त्या दिवशी काका बँकेत गेले होते. दोन्ही मुलं आत आली, काकूंनी सवयीप्रमाणे पाणी दिलं, ऊन आहे म्हणून सरबत करू का विचारलं. मुलं पण अगदी घरच्यासारखी, "मावशी, आमची आई पण अशीच आहे, एकटी असते गावाला." हे बोलणं खोटंच असेल असं मी म्हणत नाही. पण ज्याला आपण पाणी दिलं, बाळा म्हटलं, त्याला पाच मिनिटांनी "निघ घरातून" म्हणणं आपल्याकडच्या बाईला जमत नाही, आणि हे त्या मुलांना शिकवलेलं असतं.

मग एकाने काडी पेटवून शेगडीच्या मागे, जिथे नळी नोझलवर बसते तिथे धरली. निळसर ज्योत क्षणभर हलली. "बघितलं? लीकेज आहे मावशी. देवाची कृपा म्हणून वाचलात." काकू मला नंतर सांगत होत्या की त्यांचे पाय लटपटायला लागले.

ती काडी, ह्या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात स्पष्ट पुरावा तीच होती. गॅसचं काम शिकलेला कुठलाही माणूस लीकेज आगीने बघत नाही, कधीच नाही. साबणाचं पाणी लावतात, बुडबुडे आले तर लीक, नाही आले तर नाही, विषय संपला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो, खरंच लीक असता तर ओट्याखाली टाकीजवळ साचलेल्या गॅसच्या शेजारी त्याने पेटती काडी धरली असती का? त्याला माहीत होतं की लीक नाही, म्हणूनच त्याने काडी पेटवली. ज्योत हलली कशी तर नट थोडा सैल केला की हलते, पंख्याच्या वाऱ्याने पण हलते. घाबरलेल्या माणसाला ते कळायचं कुठून.

पुढचं फार पटकन झालं. एकजण बोलत राहिला आणि दुसऱ्याने "एक मिनिट हां" म्हणत रेग्युलेटर बंद केला, खिशातून कटर काढला आणि जुनी नळी मधोमध कापली. उरलेला गॅस भसकन बाहेर आला, वास सुटला. "बघा वास, बघा!" नळीत अडकलेला गॅस नळी कापल्यावर बाहेर येणारच, तो वास म्हणजे लीकेज नाही, पण त्या क्षणी काकूंच्या नाकात वास आणि डोळ्यासमोर कापलेली नळी. काकूंना अजून एकही भाव सांगितलेला नव्हता.

इथे प्रकरण फिरलं. शेगडी बंद, नळी दोन तुकडे, कणिक मळलेली, कुकर लावायचा राहिलेला, आणि काका एकला जेवायला येणार. आता हे लोक निघून गेले तर संध्याकाळपर्यंत घरात चूल पेटणार नाही. ह्याच्यानंतर जे काय बोलणं झालं ते सौदा नव्हताच, आपलं स्वयंपाकघर सोडवून घेणं होतं.

बर्नर उघडले, जेटमध्ये पिन घातली, नवीन नळी बसवली आणि मग रेग्युलेटरच्या खाली एक पितळी यंत्र लावलं ज्यावर घड्याळासारखी तबकडी. ह्याने गॅस किती उरला ते कळतं आणि नळी फुटली तर गॅस आपोआप बंद होतो म्हणे. मग रजिस्टरवाली बाई आत आली आणि पावती फाडली. तपासणी २३६, नळी ४५०, शेगडी सर्व्हिस ६५०, सेफ्टी डिव्हाइस २,२००, वर्षाचं मेंटेनन्स ५००. एकूण ४,०३६. "तुम्ही ४,०००च द्या."

त्यातला पहिला आकडा बघा. २३६ हा आकडा खरा आहे. गॅस वितरकाकडून ५ वर्षांतून एकदा जी सक्तीची तपासणी होते तिची फी सध्या जीएसटी धरून २३६ रुपयेच आहे. म्हणजे पावतीच्या पहिल्या ओळीत खरा दर टाकायचा, कोणी फोन करून कोणाला विचारलंच तर "हो हो, २३६ असतात" असंच उत्तर येणार, आणि त्या एका खऱ्या ओळीच्या जोरावर खालच्या चार ओळी खपवायच्या. हे ज्याने कोणी आखलंय त्याला आपली माणसं चांगली कळतात.

काकू म्हणाल्या एवढे नाहीत माझ्याकडे, हे यंत्र नको मला, काढा. तर बाईने रजिस्टर पुढे केलं. त्यात एक रकाना होता, 'ग्राहकाने सुरक्षा उपकरण नाकारले, अपघात झाल्यास कंपनी व विमा जबाबदार नाही', त्याच्यासमोर सही करा म्हणे. हा रकाना मी नंतर स्वतःच्या डोळ्यांनी बघितला आणि मला खरंच संताप आला, कारण पूर्ण प्रकारात सगळ्यात निर्दय गोष्ट हीच होती. एकट्या बाईला सांगायचं की नको म्हणत असशील तर तुझ्या घरच्यांच्या मरणाची जबाबदारी तुझ्यावर, सही कर. कोण करेल ती सही? काकूंनी डब्यातले २,००० काढून दिले आणि बाकीच्यासाठी काका येईपर्यंत थांबा म्हणाल्या. ते थांबायला तयार नव्हते. "शेजारून घ्या ना मावशी, आम्हाला अजून तीन गल्ल्या करायच्यात." म्हणून काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवरून मला हाक मारली.

मध्ये पडून काय केलं

मी गेले तेव्हा आवाज चढलेले होते. मी चोर-फसवे असं काहीच म्हटलं नाही. तसं म्हटलं की भांडण त्या शब्दावर जातं, ते ओळखपत्र नाचवतात, "ताई तुम्ही आमचा अपमान करताय" सुरू होतं, आणि ज्या काकूंसाठी आपण गेलो त्याच "जाऊ दे गं, देऊन टाकते" म्हणतात. दोन माणसं घरात उभी आहेत, हातात पाना-कटर आहे, घरात म्हातारी बाई आहे, तिथे तावातावाने बोलून उपयोग नसतो.

पहिली गोष्ट मी काकूंशी बोलले, त्या मुलांशी नाही. म्हटलं काकू, काकांचं जेवण आमच्याकडे होतंय, मी कुकर लावलाय, भाकरी टाकते, तुम्ही स्वयंपाकाची काळजी सोडा. हे मुद्दाम त्यांच्यासमोर बोलले. तेवढ्या एका वाक्याने खोलीतलं वातावरण बदललं, कारण त्यांच्या हातातली एकुलती एक गोष्ट म्हणजे घड्याळ, एकच्या आत चूल पेटली पाहिजे हा काकूंचा नाइलाज, तो निघून गेला. आता त्यांनी बसवलेली नळी काढून नेली आणि संध्याकाळपर्यंत चूल बंद राहिली तरी काकूंचं काही अडत नव्हतं.

दुसरं, गॅसचं पुस्तक उघडलं, त्यावर एजन्सीचा नंबर असतो, तो लावला आणि स्पीकरवर टाकला. मुलगा म्हणाला आमच्या साहेबांशी बोला, त्याने त्याचा फोन पुढे केला. तो मी घेतला नाही. हे लक्षात ठेवा, त्यांनी लावून दिलेल्या फोनवर बोलायचंच नाही, पलीकडे साहेब म्हणून त्यांचाच माणूस असतो, तो आधी दटावतो आणि मग "तुमच्यासाठी ५०० कमी करतो" म्हणतो, आणि आपण भाव करायला लागलो म्हणजे घ्यायचं ठरलंच. एजन्सीतल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की आज तुमच्या भागात आमचा कोणीही माणूस नाही, आमच्या मेकॅनिककडे आमच्याच एजन्सीचं ओळखपत्र असतं. मी मुलाच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. त्यावर एका 'गॅस सर्व्हिसेस'चं नाव, फोटो, आणि पद 'सेफ्टी ऑफिसर'. पत्ता नाही.

मग मी शांतपणे म्हटलं, दादा, तुमचं यंत्र काढून घ्या, मेंटेनन्स नको, आणि आधी पक्कं बिल द्या ज्यावर दुकानाचा पत्ता आणि जीएसटी नंबर आहे, बिल दिलं की काय हिशोब निघेल तो बघू. बिल मागितल्यावर बाई पहिल्यांदा गप्प झाली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये विकलेल्या वस्तूचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे, हे मी त्यांना ऐकवलं. दारावर उभं राहून कलमं म्हणून दाखवून माणसं पळत नाहीत, पण समोरच्याला माहिती आहे एवढं कळलं की त्यांचं गणित बदलतं. त्यांना तीन गल्ल्या करायच्या होत्या, आमच्या दारात एक वाजवायचा नव्हता.

यंत्र काढलं. १,५०० परत दिले. ५०० नळीचे आणि कामाचे म्हणून ठेवले. शेजारच्या काही जणींचं म्हणणं पडलं की ते ५०० पण सोडायला नको होते, पोलिसांना बोलवायचं होतं. मला विचाराल तर त्या क्षणी ती माणसं घराबाहेर जाणं आणि ते यंत्र टाकीवरून निघणं हे ५०० रुपयांपेक्षा मोठं होतं. ते घरातून हलले नसते किंवा अंगावर आले असते तर ११२ लावायचाच होता, फोन हातातच होता. ते बाहेर पडल्यावर टेम्पोचा नंबर, बॅनर आणि पावती ह्यांचे फोटो काढून ठेवले, ते पुढे कामी आले.

संध्याकाळी मेकॅनिकने काय दाखवलं

एजन्सीचा मेकॅनिक पाचच्या सुमारास आला. साबणाचं पाणी घेऊन रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, नॉब सगळीकडे लावलं, कुठेच बुडबुडा नाही. बदललेली नळी हातात घेऊन त्याने फिरवून दाखवली, साधी रबरी नळी, आयएसआयचा शिक्का नाही, तारीख नाही, काही नाही. कंपनीची 'सुरक्षा' नळी केशरी रंगाची असते, आतून तारेची जाळी असते, वर आयएसआय मार्क आणि त्यासोबत आयएस ९५७३ असा मानकाचा नंबर छापलेला असतो, तारीख असते, आणि ती ५ वर्षं चालते. एजन्सीत ती दीडशे-दोनशेच्या घरात मिळते. काकूंची जी नळी कापून टाकली होती ती केशरीच होती, तुकडे कचऱ्याच्या डब्यातून काढून बघितले तर तारखेप्रमाणे तिची मुदत अजून बाकी होती! म्हणजे चांगली नळी कापून वाईट नळी बसवली आणि त्याचे ४५० लावले.

आणि जेट. काकू म्हणाल्या दुपारपासून ज्योत पिवळी येतेय, चहाचं पातेलं बुडाला काळं झालं. बर्नरच्या खाली जे बारीक पितळी जेट असतं त्याच्या भोकाचं माप ठरलेलं असतं, त्यात जाड पिन कोंबून फिरवली की भोक मोठं होतं, गॅस जास्त येतो, हवा पुरत नाही, ज्योत निळीची पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि टाकी लवकर संपते. मेकॅनिकने एक जेट बदललं. '६५० रुपयांची सर्व्हिस' ती हीच.

तबकडीच्या यंत्राबद्दल त्याला विचारलं तर तो म्हणाला टाकी आणि रेग्युलेटरच्या मध्ये आम्ही काहीही बसवत नाही. तेल कंपन्या पण हे कधीपासून सांगतायत की असली गॅस सेव्हर, सेफ्टी डिव्हाइस आम्ही मान्य केलेली नाहीत. टाकीचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर हे एकमेकांत घट्ट बसायलाच बनवलेत, मध्ये तिसरी वस्तू घातली की गळतीची एक जागा वाढते. सुरक्षेच्या नावाने धोका विकतात तो असा.

विम्याचा धाक

त्या सहीच्या रकान्याने गल्लीतल्या बऱ्याच जणी घाबरल्या होत्या म्हणून हे नीट सांगते. तेल कंपन्या आपल्या घरगुती ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा काढतात, त्याचा हप्ता ग्राहकाकडून घेत नाहीत. गॅसमुळे अपघात होऊन मृत्यू झाला तर माणशी ६ लाख, उपचाराला एका अपघातात ३० लाखांपर्यंत पण माणशी कमाल २ लाख, आणि कनेक्शनच्या नोंदवलेल्या पत्त्यावरच्या घराचं नुकसान झालं तर २ लाखांपर्यंत, असं त्याचं स्वरूप आहे. हा करार तेल कंपनी आणि विमा कंपनी ह्यांच्यातला, रस्त्यावरच्या कुठल्या 'गॅस सर्व्हिसेस'च्या रजिस्टरवर तुम्ही सही केली किंवा नाही केली ह्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. अपघात झाला तर आपल्या वितरकाला लगेच लेखी कळवायचं, पुढचं कंपनीकडून होतं. गळतीचा वास आला तर २४ तास चालणारा नंबर १९०६ आहे.

पण एक सांगते, ह्याचा अर्थ तपासणीच टाळायची असा कोणी काढू नका. मला उलट ह्याच गोष्टीची काळजी वाटते, की फसवणुकीच्या भीतीने खऱ्या मेकॅनिकला पण बायका दारातून परत पाठवतील. नळीची तारीख बघायलाच पाहिजे, ५ वर्षांची तपासणी करून घ्यायलाच पाहिजे. सिलेंडर देणाऱ्या माणसाकडून घरच्या घरी फुकट साधी सुरक्षा तपासणी करून द्यायची मोहीम पण तेल कंपन्यांनी चालवली होती, तर डिलिव्हरीवाल्याला विचारून बघा. फरक कुठे ओळखायचा तर खरा माणूस आपल्याच एजन्सीचा असतो, एजन्सीला फोन केला की त्याचं नाव सांगतात, तो पावती देतो, आणि शेगडी किंवा यंत्र विकायला बसत नाही. शेगडी आयएसआय मार्कची कुठल्याही दुकानातून घ्यायची मुभा ग्राहकाला आहे, एजन्सीकडूनच घ्या असं एजन्सी पण म्हणू शकत नाही.

बाकीच्या घरांचं काय झालं

काकूंचं निभावलं. समोरच्या ओळीतल्या एका वहिनींनी पूर्ण ४,००० यूपीआयने दिले होते. तिथे पावतीवरच्या फर्मच्या नावाने नाही तर एका माणसाच्या नावाने पैसे गेलेले दिसत होते. त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, म्हणजे १९१५ ला, तक्रार नोंदवली. हेल्पलाईन समोरच्या व्यापाऱ्याशी बोलून तोडगा काढते, पण समोरचा व्यापारी धड सापडायला तर हवा. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला, त्यात यूपीआयचा व्यवहार क्रमांक, टेम्पोचा फोटो, पावतीचा फोटो, आणि एजन्सीकडून 'हे आमचे लोक नाहीत' असं लेखी घेऊन ते पण जोडलं. खोटी ओळख सांगून फसवणूक ह्याला भारतीय न्याय संहितेत ३१९ कलम आहे, अर्जात ते लिहिलं. पोलिसांनी त्या नंबरवर फोन केला आणि वहिनींचे ३,००० परत आले, तेही यूपीआयनेच. बाकीचे १,००० 'मटेरियल'चे म्हणे.

इथे मला एक वाटलं ते लिहिते. म्हातारी माणसं रोख देतात कारण त्यांना ते सुरक्षित वाटतं, मोबाईलमधून पैसे जातील ही भीती असते. पण असल्या प्रकारात रोख दिले की माग संपला. वहिनींचे पैसे परत आले ते त्या व्यवहारावर एक नाव होतं म्हणून. कोणी अगदीच अडकलंय आणि काहीतरी दिल्याशिवाय सुटका नाही असं झालं तर निदान रोख देऊ नका.

थेट विक्रीबद्दल केंद्राचे डिसेंबर २०२१ चे नियम आहेत, त्यात ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा संमती घेतल्याशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जाऊ नये असं म्हटलंय. ते नियम थेट विक्री कंपन्यांच्या जाळ्यातल्या विक्रेत्यांसाठी आहेत, असल्या टेम्पोवाल्यांना ते लागू करताना पळवाटा निघतील. तरी 'आधी वेळ घेतली होती का' हा प्रश्न दारावर विचारायला चांगला आहे. अमेरिकेत दारावर येऊन केलेली विक्री ३ कामकाजाच्या दिवसांत रद्द करायचा हक्क आहे, आपल्याकडे अशी सरसकट मुदत नाही. त्यामुळे आपल्याला जे काय थांबवायचंय ते नळी कापायच्या आधी, दारातच थांबवावं लागतं.

गल्लीत आता एवढं ठरलंय की पुस्तक घेऊन रस्त्यावर जायचं नाही, कोणी गॅसचं नाव काढलं तर दाराची कडी लावूनच विचारायचं की कुठल्या एजन्सीकडून आलात, आणि एजन्सीला फोन लागेपर्यंत ओट्यापाशी कोणाला जाऊ द्यायचं नाही. हात लावायच्या आधी भाव कागदावर. एजन्सीचा नंबर बऱ्याच जणींनी मोठ्या आकड्यात लिहून फ्रिजवर चिकटवलाय, कारण गडबडीत पुस्तक सापडत नाही. आणि ज्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे तिथे कोणी शिरलं तर शेजारणीने निमित्त काढून आत जायचं, वाटी मागायला का होईना. मध्ये पडताना आपण आत असणं हेच अर्धं काम असतं.

शेवटच्या घरातल्या मावशींचं मात्र अजून सुटलेलं नाही. त्यांनी ४,००० रोख दिले, पावतीही त्यांच्याकडे नाही. यंत्र एजन्सीच्या मेकॅनिकने काढून दिलं, ते त्यांनी पुरावा म्हणून पिशवीत बांधून ठेवलंय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लिहावा लागतो आणि तोच आमच्याकडे नाही. त्यामुळे सध्या पोलिसांतल्या अर्जात त्यांचं नाव आणि यंत्राचा फोटो जोडलाय, टेम्पोच्या नंबरवरून मालक मिळाला की तो पत्ता घेऊन मावशींची तक्रार आयोगात टाकायची असं ठरलंय, कागद मी तयार करून ठेवलेत.